लोणंदकडील एक ठासणीची बंदूक व तिच्या कालनिर्णयाचा विचार

लोणंद हे गाव नीरा नदीच्या दक्षिणेस, सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात आहे. श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम आणि कांद्याची मोठी पेठ या दोन गोष्टींमुळे ते सर्वांस ठाऊक आहे. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र ते आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे लागते. पुण्याकडून नीरा उतरून साताऱ्यास जाणारी एक जुनी वाट लोणंदवरून साल्पे घाटाकडे जाते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाल्यावर दुसरे बाजीराव साताऱ्याच्या रोखाने निघाले, तेव्हा त्यांच्या पाठलागावर असलेली जनरल स्मिथची फौज त्याच महिन्यात साल्पे घाट चढून गेली. अशा वाटेवरील खेड्यांतून जुनी हत्यारे अद्याप सापडावीत यात नवल नाही. खंडेनवमीस ती पेटीतून बाहेर निघतात, त्यांस हळदकुंकू लागते, आणि घरातील वडील माणूस लेकरांस त्यांची हकीकत सांगतो.

या हकीकतींत बंदुकीचे वय बहुधा ठरलेले असते. ती एक तर थोरल्या शिवछत्रपतींच्या काळची असते किंवा पानिपतावरून आलेली असते. सांगणाऱ्याच्या सद्भावाविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. परंतु सद्भाव हे प्रमाण नव्हे. कागदाचा काळ ठरविताना अक्षराचे वळण, शिक्का, मिती व कागदाची जात इतक्या गोष्टी आपण तपासतो. मग लोखंडाच्या व लाकडाच्या अस्सल साधनाचा काळ केवळ ऐकीव गोष्टीवर का ठरवावा? प्रस्तुत लेखात अशा एका बंदुकीच्या निमित्ताने ही तपासणी कशी करावी, याचा विचार केला आहे.

लोणंदनजीकच्या एका गावी एका जुन्या घराण्यातील मंडळींनी ही बंदूक आम्हांस कृपा करून दाखविली. "महाराजांच्या पदरी चाकरी असताना ही मिळाली" अशी त्या घरातील परंपरा असून महाराज म्हणजे शिवाजीमहाराज, हे सर्वांनी गृहीत धरलेले होते. बंदूक ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू व गोळी भरण्याची आहे. नळी ३९ इंच लांब असून तोंडाचा व्यास सुमारे पाऊण इंच आहे. घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसविलेला आहे तिच्यावर, मागील दोन पायांवर उभा राहून पुढील पंजांत मुकुट धरलेला एक लहान सिंह आहे. घोडा टोपी फोडणारा, म्हणजे हातोडीसारखा आहे. दस्ता मनगटाशी एकदा मोडलेला असून तांब्याच्या तारेने आवळलेला आहे. चाप राखणारी कमान व दस्त्याच्या टोकाचे पत्र ही पितळेची आहेत. सिंह पाहताच आमच्या मनात जी शंका आली ती पुढे सविस्तर मांडली आहे. तत्पूर्वी पद्धतीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे.

विलायतेत जुन्या हवेच्या पिस्तुलांचा संग्रह करणारे पुष्कळ लोक आहेत. बर्मिंगहॅम येथील वेब्ली आणि स्कॉट या कारखान्याने १९२४ साली हवेच्या दाबाने छरा फेकणारे पिस्तूल विक्रीस काढले. १९२९ साली 'ज्युनिअर' व १९३० साली 'सीनिअर' या नावांची पिस्तुले निघाली. वरवर पाहता ही सर्व एकाच घरची भावंडे दिसतात. परंतु संग्राहक त्यांत अनेक पोटभेद करतात. प्रथमच्या पिस्तुलांस मुठीच्या फळ्या लाकडी आहेत, मागाहूनच्यांस काळ्या कडक रबराच्या. दुसऱ्या महायुद्धापूर्वीची मूठ जवळजवळ सरळ खाली येते, युद्धानंतरची तिरपी आहे. कारखाना वीमन स्ट्रीटवरून १९५८ च्या सुमारास हँड्सवर्थ भागात गेला, म्हणून अंगावर ठोकलेल्या पत्त्यावरूनही काळ कळतो. या सर्व खटाटोपातून संग्राहकांनी एक महत्त्वाचा नियम काढला आहे. कारखानदार नमुना बदलतो त्या दिवशी जुने सुटे भाग फेकून देत नाही. ते संपेपर्यंत नव्या मालास लावतो. पुढे धनीही एकाचा भाग दुसऱ्यास बसवितो. यास्तव एका भागावरून संपूर्ण हत्याराचे वय सांगता येत नाही. प्रत्येक भागाचे वय निरनिराळे काढावे, आणि सर्वांत अलीकडच्या भागाच्या पूर्वी ते हत्यार आजच्या रूपात नव्हते असे समजावे.

खेळातल्या पिस्तुलास लागू पडणारा हा नियम लढाईच्या बंदुकीस का लावू नये? किंबहुना त्याचे क्षेत्र खरे येथेच आहे. ज्या बर्मिंगहॅम शहरात वेब्लीचा कारखाना निघाला त्याच शहरात, त्याच बंदूकवाल्यांच्या मोहल्ल्यात, ईस्ट इंडिया कंपनीकरिता शेकडो कारागीर नळ्या, पट्ट्या व घोडे सुटे सुटे घडवीत असत. बंदूक ही तेव्हा एका हाताची कृती नव्हती. नळी एकाची, पट्टी दुसऱ्याची, पितळी सामान तिसऱ्याचे, आणि लाकडात जुळणी चौथ्याची. अशा वस्तूला एकच जन्मतिथी शोधणे ही मूळचीच चूक होय.

आता नळीपासून आरंभ करू. इंग्लंडच्या पायदळाच्या जुन्या बंदुकीची नळी ४६ इंच असे. पुढे ४२ इंचांची प्रचारात आली. कंपनीने आपल्या फौजेकरिता १७७१ च्या सुमारास ३९ इंचांच्या नळीचा स्वस्त व साधा नमुना मुक्रर केला. १७९३ साली फ्रान्सशी युद्ध जुंपले तेव्हा इंग्लंडच्या सरकारजवळ बंदुकांचा तुटवडा पडला. त्यास कंपनीने तयार करविलेला माल उचलावा लागला, आणि १७९७ पासून तोच नमुना सरकारी फौजेकरिताही बनू लागला. त्यास 'इंडिया पॅटर्न' हे नाव पडले ते याच कारणाने. हिंदुस्थानाकरिता योजलेली बंदूक पुढे नेपोलियनशी लढली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी लक्षात घेतली जात नाही. असो. आमच्यापुढील बंदुकीची नळी ३९ इंचांची आहे आणि तिचे तोंड कापल्याची खूण नाही; तेव्हा ती या नमुन्याची आहे असे मानण्यास हरकत नाही. शिवछत्रपतींचा काळ १६८० साली संपला. त्या वेळी मराठ्यांच्या बंदुका मुख्यत्वे तोड्याच्या होत्या. पेटता तोडा रंजकास लावून त्या उडवीत. पानिपतची लढाई १७६१ सालची. म्हणजे केवळ नळीच्या लांबीवरूनच शिवकाल व पानिपत हे दोन्ही दावे बाजूस पडतात.

नळीनंतर पट्टी पाहावी; कारण बोलकी खूण बहुधा तेथेच असते. कंपनीच्या जुन्या पट्ट्यांवर मालाच्या गाठोड्यांवर उमटविण्याची तिची खूण आढळते. ही खूण पत्त्यांतील बदामासारखी असून तिच्या चार खणांत व्ही, ई, आय व सी ही इंग्रजी अक्षरे असतात, आणि माथ्यावर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी आकृती असते. व्ही हे अक्षर तेथे यूच्या जागी आहे; 'संयुक्त ईस्ट इंडिया कंपनी' असा त्या अक्षरांचा अर्थ. आपल्या वाचकांपैकी ज्यांस नाण्यांचा नाद आहे त्यांस ही खूण ओळखीची आहे. मुंबई इलाख्याकरिता १७९१ व १७९४ साली बर्मिंगहॅमनजीक सोहो येथे बोल्टनच्या टाकसाळीत पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूस हीच खूण व दुसऱ्या बाजूस तराजू आणि 'अदल' हा शब्द आहे. बदामाची खूण असलेल्या पट्टीवर पुष्कळदा कारागिराचे नाव व सालही असते. बार्नेट, हेन्शॉ, विल्सन ही त्यांतील परिचित नावे होत.

१८०८ च्या सुमारास कंपनीने ही बदामाची खूण सोडून मुकुटधारी सिंह घेतला. कंपनीचे राज्य १८५८ साली संपून इंग्लंडच्या राणीकडे गेले तेव्हा सिंहाची गरज संपली. तस्मात् सिंहाची पट्टी म्हटली म्हणजे तिचा काळ स्थूलमानाने १८०८ ते १८५८ या पन्नास वर्षांत पडतो. याउलट 'टॉवर' हा शब्द आणि मुकुटाखाली राजाची किंवा राणीची आद्याक्षरे असतील, तर ती इंग्लंडच्या सरकारी कोठाराची खूण आहे, कंपनीची नव्हे. ही दोन्ही एकच समजण्याची चूक चांगल्या चांगल्या संग्रहांच्या पाट्यांवरही होण्याजोगी आहे.

पन्नास वर्षांची ही मुदत आणखी आखूड करण्याचे साधन म्हणजे घोडा. गारगोटीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते; ती पोलादी पाकळीवर आपटून ठिणगी पडते व वाटीतील रंजक पेटते. इंडिया पॅटर्नच्या प्रथमच्या बंदुकांत या घोड्याची मान हंसाच्या मानेसारखी बारीक व वळलेली असे. ती वारंवार मोडे. म्हणून १८०९ पासून मान जाड करून मध्ये भोक ठेवलेला घोडा आला. हंसमानेचा की भोकाचा, एवढे पाहिले तरी १८०९ च्या अलीकडचे व पलीकडचे पुष्कळसे कळते. तथापि जुन्या पट्टीवर मोडलेल्या घोड्याच्या जागी नवा बसविलेला असू शकतो, हे विसरू नये.

गारगोटीनंतर टोपी आली. आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचा उपयोग करण्याचा हक्क स्कॉटलंडमधील फोर्साइथ नावाच्या पाद्र्याने १८०७ साली नोंदविला. पुढे तांब्याची लहान टोपी निघाली, आणि १८३९ नंतरच्या काळात इंग्लंडच्या व कंपनीच्या फौजांतून गारगोटी हळूहळू गेली. कंपनीच्या घोडेस्वारांची या काळातील पिस्तुले ओळखण्यास सोपी आहेत. गज धावत्या घोड्यावरून पडू नये म्हणून तो नळीच्या तोंडाशी बिजागरीने जोडलेला असतो, आणि पट्टीवर सिंहाबरोबर बहुधा सालही असते.

आमच्यापुढील बंदुकीचा घोडा टोपीचा आहे, हे वर सांगितलेच आहे. तेव्हा ती १८४० नंतर घडविली असे म्हणून मोकळे व्हावे काय? येथेच घाई नडते. पट्टी उजेडात तिरपी धरून पाहता तिच्या पुढल्या अंगास दोन स्क्रूंची बुजविलेली भोके दिसतात, आणि वरच्या कडेला जेथे रंजकाची वाटी असावयाची तेथे लोखंडाचा तुकडा घालून खाच भरलेली आहे. नळीच्या उजव्या अंगास मूळच्या कानाच्या जागी एक लहान पोकळ नळकांडे बसवून त्यावर टोपीची बोंडी लाविली आहे. अर्थात ही बंदूक मुळात गारगोटीची होती. मागाहून ती टोपीची करण्यात आली. मूळचा घोडा या बदलात गेला, आणि त्याबरोबर हंसमानेचा की भोकाचा हा पुरावाही गेला.

येणेप्रमाणे या एका हत्याराचे तीन काळ निघतात. नळी कंपनीच्या ३९ इंचांच्या नमुन्याची. पट्टी १८०८ नंतरची व गारगोटी चालू असतानाची. घोडा व बोंडी टोपीचा प्रचार झाल्यानंतरची. दस्त्यास आवळलेली तार ही वापराची चौथी खूण धरावी. बंदूक एकदा जन्मली, एकदा पालटली आणि एकदा मोडून सांधली गेली.

अशा बंदुका नकली नसतात काय, असा प्रश्न कोणी विचारील. असतात. बंगालच्या नवाब मीर कासिमने १७६० नंतरच्या दशकात मुंगेर येथे शस्त्रांचा कारखाना घातला, आणि तेथील कारागिरांची विलायती हत्यारांची हुबेहूब नक्कल करण्याबद्दल पुढेही ख्याती राहिली. महादजी शिंद्यांच्या कवायती कंपूंकरिता द बॉयनच्या वेळी आग्रा येथे सँग्स्टर नावाच्या स्कॉच माणसाच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका तयार होत. बेल्जममधील लिएज शहराचा मालही जगभर खपे. त्याच्या नळीवर लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरे आढळतात, आणि त्यावर मुकुट असल्यास ती खूण १८९३ नंतरची होय. नक्कल ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे खुणांचा परस्परांशी मेळ पाहणे. अक्षरे उलटी किंवा चुकलेली असणे, राजाचे नाव एका काळचे व साल दुसऱ्याच काळचे असणे, सिंहाचे चित्र ठोकलेले नसून ओबडधोबड कोरलेले असणे, ही नकलेची लक्षणे होत. आमच्या बंदुकीवरील सिंह खोल व एकाच ठोक्यात उमटलेला आहे, आणि त्याचा नळीच्या लांबीशी व बुजविलेल्या भोकांशी पूर्ण मेळ बसतो.

आता परंपरेकडे वळू. "महाराजांच्या पदरी चाकरी असताना मिळाली" हे वाक्य खोटे ठरले काय? आमच्या मते नाही. १० फेब्रुवारी १८१८ रोजी सातारचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. त्याच वर्षी प्रतापसिंह महाराजांस गादीवर बसविण्यात आले, आणि २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यांचे राज्य बांधून देण्यात आले. त्या राज्याची उत्तर सीमा नीरा व भीमा या नद्यांची होती. म्हणजे नीरेच्या दक्षिणेकडील लोणंदचा मुलूख सातारच्या महाराजांचा झाला. १८३९ साली प्रतापसिंहांस पदच्युत केल्यावर त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर आले, व ५ एप्रिल १८४८ रोजी ते वारल्यावर राज्य खालसा झाले. या तीस वर्षांत या भागातील मनुष्य "महाराजांच्या पदरी आहे" असे म्हणे तेव्हा त्याच्या मनात सातारचे महाराज असत. पुढे राज्य गेले, पिढ्या गेल्या, 'महाराज' हा शब्द मात्र राहिला. आणि ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ आपल्या मनातील सर्वांत थोर महाराजांकडे लाविला. परंपरेतील वाक्य खरे राहून त्याचा काळ तेवढा सरकला. पट्टीवरील सिंह आणि घरातील वाक्य यांत आता विरोध उरत नाही. बंदूक सातारच्या महाराजांकडूनच मिळाली हे इतक्याने सिद्ध होत नाही, ही मर्यादाही येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. त्याकरिता कागद पाहिजे.

सिंहाची पट्टी मराठी घरात येण्याच्या वाटा अनेक आहेत, हेही ध्यानात ठेवावे. खुद्द पेशव्यांच्या खर्चाने कॅप्टन फोर्ड याच्या हाताखाली कवायती पलटणे उभारलेली होती, आणि ती खडकीच्या दिवशी इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली. लढाईतील लूट, पलटणीतील नोकरी, टाकाऊ मालाची विक्री, यांतून कोणतीही वाट संभवनीय आहे. परंतु वाट कोणतीही असो, एक गोष्ट राहतेच. स्वराज्याच्या आठवणीकरिता जपलेल्या बंदुकीवर कंपनीचा सिंह आहे. १८१८ नंतर हत्यारेदेखील परक्याच्या कोठारातून येऊ लागली, हा आपल्या इतिहासातील कटू भाग त्या बोटभर चित्रात साठविलेला आहे. तो पुसून त्या जागी शिवकाल लिहिणे म्हणजे थोरल्या महाराजांचा गौरव नव्हे. एका निराळ्या पिढीच्या दुःखाची साक्ष नाहीशी करणे होय.

सत्तावन सालानंतर ही साक्ष आणखी दुर्मिळ झाली. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यास गेंडामाळावर सतरा असामींस देहान्त शिक्षा झाली; त्यांत रंगो बापूजींचे चिरंजीव सीतारामपंत होते. नंतर १८६० व १८७८ सालच्या कायद्यांनी हत्यार बाळगण्यावर बंधने आली. जी बंदूक परवान्यावर पिकाच्या राखणीस उपयोगी पडेल ती टोपीची करून ठेवली गेली. निरुपयोगी ती मोडीत गेली असावी. म्हणून आज घरोघर अलीकडच्या बंदुका अधिक दिसतात, एवढ्यावरून पूर्वीच्या नव्हत्याच असे अनुमान करू नये.

शेवटी एक विनंती. दसऱ्याच्या आधी हत्यारे चकचकीत करण्याची हौस सर्वत्र आहे. कानस व पॉलिशकागद यांनी गंजाबरोबर बदाम, सिंह, नाव व साल हीही निघून जातात, आणि एकदा गेलेली खूण पुन्हा येत नाही. आमच्या बंदुकीवरील कारागिराचे नाव असेच घासून गेले आहे. मऊ फडक्याने किंचित तेल लावणे पुरे. पट्टीवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने घासले असता खुणेचा ठसा उमटतो. तो घ्यावा, नळीची लांबी व तोंडाचा व्यास लिहून ठेवावा, आणि घरातील हकीकत जशी ऐकली तशी, अर्थ न लावता, शब्दशः टिपावी. मात्र तत्पूर्वी गज नळीत सोडून तो किती आत जातो ते बाहेरून कानापर्यंतच्या लांबीशी ताडून पाहावे. अंतर पडल्यास नळीत जुना बार असू शकतो, आणि शंभर वर्षांचा बारही घातक असतो. अशा वेळी जाणत्या बंदूकवाल्याकडून तो काढविल्याखेरीज पुढे हात लावू नये.

त्या घरी आम्ही हे सर्व निवेदन केले तेव्हा मंडळी प्रथम थोडी खिन्न झाली. परंतु घरातील वृद्ध गृहस्थांनी क्षणभर विचार करून, सातारच्या गादीचे नाव आपल्या आजीच्या तोंडी येत असे, असे सांगितले. ती आठवण इतकी वर्षे कोणी विचारली नव्हती. बंदुकीचे खरे वय काढल्याने घराण्याची परंपरा तुटली नाही, उलट तिचा एक हरवलेला दुवा हाती येण्याचा संभव निर्माण झाला. नीरेपासून वारणेपर्यंतच्या ज्या गृहस्थांजवळ अशी हत्यारे असतील त्यांनी त्यांच्या खुणांचे ठसे अभ्यासकांस उपलब्ध करून द्यावेत, म्हणजे सातारच्या राज्याच्या त्या तीस वर्षांच्या इतिहासास एक नवे साधन मिळेल.